लिनक्स बसवलं, पण उठेना

लिनक्स बसवून झालं की शेवटी पडद्यावर एक सभ्य सूचना येते: काम पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. आपण तसं करतो. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एखादी ओळ येते, नाहीतर तीही येत नाही. कधी तर काहीच घडलं नाही अशा थाटात जुनं विंडोजच हजर होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जुन्या लॅपटॉपांना विंडोज ११ चालत नाही, म्हणून पुष्कळ जण मिंट किंवा उबुंटूकडे वळले. तेव्हापासून मंडळाच्या बैठकीत कवितावाचनाआधी हटकून कुणीतरी विचारतं, "माझा लॅपटॉप चालूच होईना झालाय, बघ की जरा."

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मार आणि परत बसव. हा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक कमी, व्यावहारिक जास्त आहे. मशीन उठत नाही म्हणजे डिस्कवरचं गेलं असं नसतं. बहुतेक वेळा फायली जागच्या जागी असतात, फक्त त्यांच्यापर्यंत जाणारी वाट कुठेतरी तुटलेली असते. फॉरमॅट मात्र फायलीच नेतो. शिवाय वाट कुठे तुटली हे न बघता पुन्हा बसवलं, तर पुन्हा तिथेच तुटते.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. आपल्या अंकात रोमन अक्षर छापत नाहीत, हा मंडळाचा नियम जुना आहे, त्यामुळे कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. त्यांचं नेमकं स्पेलिंग मंडळाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर आहे. फोटो काढून ठेवा.

आता ही वाट म्हणजे काय ते पाहू. 'बूट होणं' यातला बूट हा 'बूटस्ट्रॅप' या शब्दाचा उरलेला तुकडा. बूट ओढून चढवायला मागे जी पट्टी असते ती बूटस्ट्रॅप. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून वर उचलायचं, ही इंग्रजीत अशक्य गोष्टीची थट्टा होती. आपल्याकडे आपल्याच खांद्यावर चढून बसायचं म्हणतात, तसंच. १९५० च्या दशकात संगणकवाल्यांनी हा शब्द उचलला, कारण त्यांच्यापुढचं कोडं खरोखर तसंच होतं. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायला आणखी एक प्रोग्राम लागतो. मग त्याला कोण आणणार? यावर तोडगा असा निघाला की एक इवलासा प्रोग्राम चिपमध्ये कायमचा ठेवायचा, त्याने थोडा मोठा उचलायचा, त्याने आणखी मोठा. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी फक्त ४४६ बाइट या पहिल्या उचलणाऱ्याला मिळायच्या. युनिकोड देवनागरीत एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजल्या तर जेमतेम दीडशे चिन्हं. एवढ्यात धड एक अभंग मावणं कठीण, आणि तिथून सगळं यंत्र उठवायचं!

ज्यांनी संगीत नाटक पाहिलंय त्यांना पुढचं समजायला सोपं जाईल. (आपल्याला तर जायलाच हवं, अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.) मशीनचं बटण दाबलं की पहिल्यांदा जागा होतो तो फर्मवेअर, म्हणजे जुन्या मशीनवर बायोस आणि नव्यावर यूईएफआय. हा थिएटरचा रखवालदार. दिवे लावतो, कीबोर्ड, मेमरी, डिस्क जागेवर आहेत का बघतो आणि आपल्या वहीत आज कुणाचा खेळ लागलाय ते वाचतो. वहीत नाव असेल त्याला आत सोडतो. तो आत येणारा म्हणजे ग्रब. हा सूत्रधार. पडद्यापुढे येऊन आज कोणता प्रयोग आहे ते सांगतो, दोन प्रयोग असतील तर निवडायला देतो आणि विंगेत जातो. मग कर्नल येतो, म्हणजे खरं लिनक्स, लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतलं ते. त्याच्याबरोबर इनिट-रॅम-एफएस नावाची एक पेटी असते. फिरती नाटक कंपनी नव्या गावी उतरल्या उतरल्या लागेल तेवढं सामान वेगळ्या पेटीत ठेवते, तशी. खऱ्या डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. डिस्क सापडली की सिस्टिम-डी नावाचा व्यवस्थापक एकेकाला हाक मारून उभं करतो, आणि शेवटी पडदा वर जाऊन लॉगिनची चौकट दिसते.

मशीन अडलं की प्रश्न एकच विचारायचा: शेवटचं कोण बोललं? ग्रबचा मेनू दिसला असेल तर रखवालदाराने त्याचं काम केलंय, त्याच्या वहीत खाडाखोड करत बसू नका. कर्नलच्या ओळी धावल्या असतील तर ग्रबही निर्दोष. जो शेवटचा बोलला तिथवर सगळं ठीक, आणि त्याने पुढच्याला हाक मारली तिथे घोटाळा. म्हणून पडद्यावर जे काही आलं असेल त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. "काहीतरी एरर आली" एवढ्यावर कुणीच मदत करू शकत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रखवालदाराच्याच दारात. लक्षण असं की 'बूट करण्याजोगी डिस्क नाही' अशा अर्थाचा संदेश येतो, किंवा सरळ विंडोज सुरू होतं. विंडोज येत असेल तर मशीन सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा आणि बूट ऑर्डर बघा. यादीत 'उबुंटू' असेल आणि त्याच्यावर 'विंडोज बूट मॅनेजर' बसला असेल, तर फक्त क्रम बदलायचाय. (मिंटही बहुधा इथे 'उबुंटू' याच नावाने दिसतं, दचकू नका.) दोन मिनिटांचं काम, आणि यासाठी लोकांनी डिस्का पुसलेल्या मी पाहिल्या आहेत.

नावच यादीत नसेल तर गोष्ट वेगळी. बऱ्याच मशीनवर, विशेषतः २०१२ नंतरच्या काही वर्षांत आलेल्या, फर्मवेअर दोन्ही भाषा बोलतं: जुनी बायोसची, जिला तिथे 'लेगसी' म्हणतात, आणि नवी यूईएफआयची. पेनड्राइव्ह ज्या भाषेत सुरू झाला त्याच भाषेत इन्स्टॉलर ग्रब बसवतो. लेगसीत बसवलेला ग्रब यूईएफआयला दिसत नाही, आणि उलटही तसंच. आता गंमत अशी की एफ१२ च्या मेनूत एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो. एका नावापुढे 'यूईएफआय' लिहिलेलं असतं, दुसऱ्यापुढे नसतं. दोन्ही चालतात, दोन्हींतून इन्स्टॉलर तसाच दिसतो, आणि कुठल्या दारातून आत आलो हे कुणीच सांगत नाही.

आमच्या मंडळातल्या एका ताईंच्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं होतं. त्यांचा एम.ए.चा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. खानापूर तालुक्यातल्या गावांत फिरून त्यांनी आज्यांच्या आवाजात साठेक रेकॉर्डिंग केली होती आणि ती सगळी जुन्या हार्ड डिस्कवर होती. त्यातल्या एक आजी नंतर वारल्या. त्यांच्या ओव्या दुसरीकडे कुठेही नाहीत. लॅपटॉप हळू झाला म्हणून ताईंनी त्यात नवी एसएसडी टाकून घेतली, तिच्यावर मिंट बसवलं, रीस्टार्ट केलं, आणि समोर काय, तर बूट करण्याजोगी डिस्क नाही. दुकानात दाखवल्यावर सांगण्यात आलं की हार्ड डिस्क गेलीय, दोन्ही फॉरमॅट करून बघावं लागेल. ताईंनी लॅपटॉप तसाच उचलून आणला, हे फार बरं केलं.

आम्ही पहिलं काम केलं ते दुरुस्तीचं नव्हतंच. मिंटचा पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवला, म्हणजे लिनक्स मेमरीतच सुरू होतं आणि डिस्कला हात लागत नाही. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला जुनी हार्ड डिस्क दिसत होती. क्लिक केली, उघडली. सगळ्या ओव्या होत्या. त्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, दोन फायली वाजवून पाहिल्या, आणि मगच कारण शोधायला बसलो. हा क्रम मोडू नका. दुरुस्ती तासाभराने झाली तरी चालते.

कारण शोधायला एक साधी परीक्षा आहे. लाइव्ह लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरात 'फर्मवेअर', आणि त्याच्या आत 'ईएफआय' नावाचं फोल्डर आहे का बघायचं. असेल तर तुम्ही यूईएफआयच्या दारातून आलात, नसेल तर लेगसीच्या. ताईंनी बसवताना जे नाव निवडलं होतं तेच निवडून पाहिलं, तर फोल्डर नव्हतं. लॅपटॉपची कायमची सेटिंग मात्र यूईएफआयची. म्हणजे सूत्रधार हजर होता, पण मागच्या दाराशी उभा. त्यांच्या नव्या एसएसडीवर स्वतःचं असं काहीच नव्हतं, म्हणून यूईएफआयचं नाव निवडून तिथे पुन्हा बसवणं हाच छोटा रस्ता ठरला, वीसेक मिनिटांचा. होय, शेवटी पुन्हाच बसवलं. पण कारण कळल्यावर, फायली बाहेर काढल्यावर, आणि जुनी हार्ड डिस्क तेवढ्यापुरती सोडवून बाजूला ठेवून. नुसतंच पुन्हा बसवलं असतं तर तेच नाव निवडलं जाऊन तोच काळा पडदा आला असता, आणि तोवर दुकानाच्या सल्ल्याने ओव्याही गेल्या असत्या.

रखवालदाराचं आणखी एक खातं म्हणजे सिक्युअर बूट. ज्याच्या सहीवर विश्वास आहे त्यालाच आत सोडायचं, असा तो नियम. उबुंटूचा पहिला प्रोग्राम, ज्याला शिम म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळे सहसा अडत नाही. पण इन्स्टॉल करताना बाहेरच्या ड्रायव्हरांसाठी टिक केली असेल तर तिथे एक पासवर्ड ठेवायला सांगतात, आणि पहिल्या रीस्टार्टला 'एमओके' असं लिहिलेला निळा पडदा येतो. पुष्कळ जण तो विंडोजचा निळा पडदा समजून घाबरतात आणि मशीन बंद करतात. तिथे 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, आणि पडदा १० सेकंदच थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या शिमवरचा विश्वास काढून घेतला, आणि नीट चालणारी जोड-मशीनं 'एसबॅट' असा शब्द असलेला संदेश देऊन बंद पडू लागली. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून, लिनक्स अपडेट करून, पुन्हा सुरू करतात. मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज ४८ आकड्यांची किल्ली मागू शकतं. ती किल्ली आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं.

आता सूत्रधार बोलतो पण पुढे जात नाही, अशी स्थिती. पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. याचा अर्थ ग्रबचा छोटा तुकडा जागा झाला, पण त्याला स्वतःचं उरलेलं सामान सापडत नाही. लिनक्सचं पार्टिशन कुणी पुसलं असेल, किंवा ग्रब एका डिस्कवर आणि त्याचं सामान दुसऱ्या, आता काढून घेतलेल्या डिस्कवर गेलं असेल, तर असं होतं. बाहेरच्या डिस्कवर लिनक्स बसवणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. डिस्क परत लावून बघा, हा पहिला उपाय.

ती लावूनही नाही झालं तर 'एलएस' टाइप करा. कंसात डिस्का आणि त्यांचे भाग दिसतील. डिस्का शून्यापासून मोजलेल्या असतात आणि भाग एकपासून, हे लक्षात असू द्या, इथे सगळेच चुकतात. एकेका भागाचं नाव देऊन 'एलएस' करत जायचं. जिथे 'बूट' फोल्डर आणि त्यात 'ग्रब' दिसेल तो आपला. मग 'सेट प्रीफिक्स' ने ग्रबला त्याच्या सामानाचा पत्ता सांगायचा, 'सेट रूट' ने तो भाग नेमून द्यायचा, 'इन्समॉड नॉर्मल' आणि शेवटी 'नॉर्मल'. मेनू येतो. ही सोय एकदाच्या प्रयोगापुरती असते. लिनक्स उठलं की टर्मिनलमध्ये 'ग्रब इन्स्टॉल' आणि 'अपडेट ग्रब' चालवून कायमचं करून घ्यायचं.

उठतच नसेल तर हेच काम लाइव्ह पेनड्राइव्हवरून करतात. डिस्कवरचं लिनक्स 'एमएनटी' फोल्डरात जोडायचं, ईएफआयचं छोटं पार्टिशन त्याच्या आत 'बूट'मधल्या 'ईएफआय'वर जोडायचं, 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' ही चार फोल्डरं आत उघडी करून द्यायची आणि 'सीएच-रूट' म्हणायचं. त्यानंतर टर्मिनलला वाटतं की आपण डिस्कवरच्या लिनक्समध्येच आहोत. परकायाप्रवेश म्हणा हवं तर. तिथून दिलेली दुरुस्तीची आज्ञा खऱ्या घरात लागू होते. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी 'बूट रिपेअर' नावाचा प्रोग्राम आहे, एका बटणात बरंचसं करतो. मी आधी त्याला फक्त अहवाल मागतो, बटण नंतर दाबतो.

मेनू आला, उबुंटू निवडलं आणि पडदा काळाच राहिला, तर संशय बहुधा ग्राफिक्स कार्डावर, त्यातही एनव्हिडियावर. मशीन आत सुरू असतं, फक्त चित्र दिसत नाही. प्रयोग चालू आणि पडदा अडकलेला. ग्रबच्या मेनूत नावावर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असतं. ते दोन्ही शब्द खोडा, जागी 'नोमोडसेट' लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. 'क्वाएट' म्हणजे गप्प राहा. तो खोडला की कर्नल काय काय करतोय ते ओळीओळीने बोलायला लागतो, आणि अडला तर शेवटची ओळ आपल्या हाती राहते. माझ्या मते तो शब्द मुळात नसायलाच हवा होता, पण सुंदर लोगोची हौस कुणाला नसते! 'नोमोडसेट'मुळे साधं, जाडंभरडं का होईना चित्र येतं. मग आत जाऊन ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर बसवायचा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा. मेनू दिसतच नसेल तर सुरुवातीला एस्केप एकदाच दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा.

कर्नलपर्यंत आलेल्या तक्रारी संख्येने कमी, आणि दिसायला मात्र सर्वांत भयानक. 'कर्नल पॅनिक' म्हणून 'रूट माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य, शून्य' असं आलं तर सामानाची ती पेटीच बहुधा नाही किंवा अर्धवट आहे. ग्रबमधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' यादीतून जुना कर्नल निवडून आत जा आणि पेटी नव्याने भरा, त्यासाठी 'अपडेट इनिट-रॅम-एफएस' अशी कमांड आहे. कंसात 'इनिट-रॅम-एफएस' लिहून मशीन थांबलं असेल तर वरच्या दोन-तीन ओळी नीट वाचा. 'एफएससीके' हाताने चालवा असं तिथेच लिहिलेलं असतं, कुठल्या पार्टिशनवर तेही. लाइट अचानक गेल्यावर हे हमखास दिसतं.

'इमर्जन्सी मोड' आला तर भिण्याचं कारण आणखी कमी, कारण तिथवर जवळजवळ सगळे उभे राहिलेले असतात. त्याआधी मशीन दीड मिनिट एका डिस्कची वाट पाहताना दिसलं असेल, तर 'ईटीसी' फोल्डरातली 'एफएस-टॅब' ही फाइल उघडा. प्रत्येक पार्टिशनला एक ओळख क्रमांक असतो, आणि पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की तो बदलतो. फाइलमध्ये जुनाच राहतो. व्यवस्थापक मग सोडून गेलेल्या नटाला हाका मारत बसतो. 'बीएलके-आयडी' ने खरे क्रमांक दिसतात. ते ताडून पाहा आणि चुकलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका.

यातलं काहीच जमलं नाही तर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन या. चार्जर आणि पडद्याचा तो फोटो विसरू नका, शक्य असेल तर एखादी रिकामी हार्ड डिस्कही आणा. मिंटचा पेनड्राइव्ह कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या अंकांच्या गठ्ठ्याशेजारी आहे. वापरून झाला की तिथेच ठेवा, आणि कृपा करून त्यात सिनेमे भरू नका.